झेंडूच्या हारातला स्कॅनर

मित्रांनो, मी एक जुना स्कॅनर आहे. जुना म्हणवून घ्यायलाही लाज वाटते, कारण बाकीची यंत्रं राबून जुनी होतात आणि मी नुसता बसून झालो. सांगलीतल्या एका संशोधन ग्रंथालयात खिडकीजवळच्या टेबलावर माझा मुक्काम असतो. काचेवर पुस्तक ठेवलं की पानाचं चित्र टिपून संगणकाला द्यायचं, एवढंच माझं काम.

मी आलो तेव्हा केवढा थाट होता. नारळ फुटला, भाषणं झाली. "आता दुर्मिळ पुस्तकं घराघरांत पोचतील," असं एक पाहुणे म्हणाले आणि मी फुगून गेलो. मग कार्यकारी मंडळात शंका निघाली. कॉपीराइटचं काय? कुणी खटला भरला तर? उत्तर शोधायला कुणी गेलं नाही. माझ्यावर मात्र एक भरतकामाचा रुमाल आला.

तेव्हापासून तो रुमाल निघायचा तो खंडेनवमीला. त्या दिवशी अवजारांची, यंत्रांची पूजा करायची आपली रीत. मला हळदकुंकू लागायचं, झेंडूचा हार पडायचा. माधवनगरच्या मागांनाही असाच हार पडतो, पण ते वर्षभर कापड विणतात. मी काय केलं होतं? तो हार अंगावर घेताना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

समोरच्याच कपाटात माधवनगरच्या विणकरांवरचं एक पुस्तक होतं. लिहिणारे स्वतः विणकर, आता हयात नाहीत. पुस्तक पुन्हा छापलं गेलं नाही आणि दुसरी प्रत कुठे सापडत नव्हती. आष्ट्याची शाझिया त्याच विषयावर प्रबंध लिहीत होती. पुस्तक घरी नेता येत नसे, म्हणून ती एसटीने यायची आणि हाताने उतरवून घ्यायची. कधी पान उलटताना कोपरा तुटून हातात यायचा आणि ती घाबरून इकडेतिकडे पाहायची. मी तिथेच होतो, रुमालाखाली.

एकदा तिने ग्रंथपाल क्षमाताईंना विचारलंच. "मॅडम, ह्यो स्कॅनर बिघडलाय व्हय?"

"नाही गं. चांगला आहे."

"मग पुस्तकाचा भुगा झाल्यावर काढनार हाय का रुमाल?"

क्षमाताईंची मान खाली गेली. माझी तर आधीपासूनच खाली होती.

त्यानंतर त्या साताऱ्याला ग्रंथपालांच्या बैठकीला गेल्या आणि आल्या त्या पेटूनच. मंडळापुढे म्हणाल्या, "अभ्यासासाठी काही पानांची प्रत काढायला कायद्यात वाट आहे. आपण कधी चौकशीच केली नाही. लेखकाचा हक्कही राहावा आणि वाचकाला दारही उघडं असावं, अशी मागणी आम्ही ग्रंथपाल मिळून सरकारकडे करतोय. आणि अख्खं पुस्तक सगळ्यांसाठी खुलं करायचं असेल, तर वारसांना विचारू या की."

वारस म्हणजे लेखकाचे चिरंजीव चांदसाहेब, तासगावचे बेदाण्याचे व्यापारी. निरोप मिळताच ते स्वतः आले.

"आवं ताई, बाच्या पुस्तकाला कोन विचारतच न्हाई म्हनून मी गप हुतो. दाखवा की जगाला. नाव तेवढं त्याचं ऱ्हाऊ द्या."

म्हणजे नुसतं विचारायचं राहिलं होतं.

खंडेनवमी नसताना रुमाल निघाला. शरमेने माझा दिवा पेटेना, दोनदा बटण दाबावं लागलं. काचेवर ठेवण्याआधी पुस्तक उघडलं. मधल्या पानांना कसर लागली होती, आरपार भोकं पडली होती. चांदसाहेबांनी एका पानावर बोट ठेवलं.

"हितं मागासाठी सुताच्या कांड्या भरनाऱ्या बायांची नावं हुती. बा वाचून दाखवायचा. आता मलाबी आठवत न्हाईत."

मी ते पान टिपलं. मला लपवाछपवी जमत नाही, भोकंही जशीच्या तशी टिपली.

आता ते पुस्तक कुणालाही, कुठूनही वाचता येतं. शाझियाने सगळ्यांत आधी उघडलं. मित्रांनो, तुम्हीही उघडाल. त्या पानावर भोकांच्या जागी काळे डाग दिसतील. खाली 'कसरीमुळे खराब' अशी टीप आहे. तुम्ही मात्र ध्यानात ठेवा, कसर पान खात होती तेव्हा मी समोर हार घालून बसलो होतो. यंदा मला हार घालू नका. एखादं पुस्तक आणून ठेवा.