हातचं न राखता

मंगळवारी सकाळपर्यंत डॉ. सुलक्षणा गावडे यांचा उजवा हात वर्गातून परत आलेला नव्हता.

सोमवारच्या ऑनलाइन वर्गात तिने तो मोबाईलच्या पडद्यातून आत घातला होता, जवळजवळ खांद्यापर्यंत. यात वावगं काही नव्हतं. गुरांच्या डॉक्टरांना हात कुठेही घालायची सवयच असते. म्हशीच्या गर्भाशयाला पीळ पडला की तो बोटांना कसा लागतो, हे तोंडाने सांगून कळत नाही, ते हात धरूनच शिकवावं लागतं. म्हणून पलीकडे जमलेल्या जिल्ह्याजिल्ह्यांतल्या डॉक्टरांनी आळीपाळीने तिचा हात धरून पाहिला. कुणी मनगट वळवून बघितलं, कुणी बोटं मिटवून उघडली, एकाने कोपराखालच्या जुन्या व्रणाबद्दल विचारलं. ती सगळ्यांना सांगत गेली. ज्या अंगाला पीळ, त्याच अंगावर म्हैस पाडायची, पोटावर फळी ठेवून माणूस उभा करायचा, आणि त्याच अंगाला लोळवायची. म्हैस फिरते, आतलं रेडकू जागच्या जागी राहतं आणि पीळ सुटतो. उलट्या अंगाला लोळवली तर पीळ आवळतो, मग म्हैसही जाते आणि रेडकूही.

हातचं राखून शिकवणं तिला कधी जमलंच नाही. एवढं होतंय तोवर वर्ग चालवणारा डॉ. शिरीष बोधनकर म्हणाला, "धन्यवाद मॅडम. वेळ संपली." आणि त्याने वर्ग बंद केला. हात अजून आतच होता.

झोपेत येईल परत, असं म्हणून ती आडवी झाली. सकाळी उजव्या खांद्याला हात होता, चांगला धडधाकट, पण डावा. अंगठा भलत्या बाजूला. चहाचा कप त्या हाताने धरला तर कान पलीकडे राहिला. दोन्हीकडे डावेच हात, म्हणजे घरात दोन धाकट्या जावा आणि थोरली कुणीच नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, आणि नाव सुलक्षणा असून त्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

शिरीष परका नव्हता. कॉलेजात एका बाकावर बसलेला. त्याला म्हशीची भीती नव्हती, पण हात आत घालायची किळस होती. शेवटच्या वर्षाच्या प्रात्यक्षिकाला ती त्याच्यामागे उभी राहिली होती आणि त्याच्या एप्रनच्या बाहीतून तिने स्वतःचा हात घातला होता. आत काय लागतंय ते ती त्याच्या कानात सांगत होती आणि तो ते परीक्षकांना मोठ्याने सांगत होता. परीक्षक म्हणाले होते, या मुलाच्या हाताला देणगी आहे. दोघं त्यावर पोट दुखेपर्यंत हसले होते. पुढे तो पुण्याला गेला, ती चंदगडकडच्या डोंगरात म्हशी सोडवत राहिली. देशभरच्या डॉक्टरांनी एकमेकांना शिकवावं म्हणून त्याने वर्ग काढला तेव्हा तिला खरोखर आनंद झाला होता. आपल्यापैकी कुणीतरी मोठं काम करतंय, असं वाटलं होतं.

तिने त्याला फोन लावला.

"शिरीष, माझा हात तुझ्याकडे राहिलाय."

"सुलू, तू म्यूटवर आहेस."

"हा साधा फोन आहे. यात कसलं म्यूट?"

"आवाज येत नाहीये गं. ओठ हलताना दिसतायत फक्त." साध्या फोनवर त्याला ओठ दिसत होते. "हाताचं म्हणत असशील तर काळजी करू नको. विद्या दिल्याने वाढते."

"विद्या वाढते. हात नाही वाढत."

"अजूनही म्यूटच," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

दुपारी डॉक्टरांच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. वर लिहिलं होतं, 'पीळ सोडवण्याचं डॉ. बोधनकर तंत्र'. शिरीष पांढऱ्या एप्रनमध्ये उभा होता आणि एप्रनच्या बाहीतून तिचा हात बाहेर आलेला होता. सावळा, आखूड नखांचा, कोपराखाली व्रण असलेला. शिरीषचा चेहरा गोरा, हात सावळा, पण हे कुणाच्या लक्षात आलं नाही. चोरलेली म्हैस ओळखू येऊ नये म्हणून चोर तिची शिंगं रंगवतो. शिरीषने अख्खा वर्ग आरशासारखा उलटवला होता. तिचा उजवा हात त्याच्या डाव्या बाहीतून निघत होता. तिने उजवीकडे दाखवलेलं सगळं आता डावीकडे झालं होतं, आणि तिचा आवाज पुसून त्यावर त्याने स्वतःचा घातला होता. उजव्या अंगाच्या पिळाला तो हात ठामपणे म्हैस डावीकडे लोळवायला सांगत होता.

आता तिला खरंच लागलं. नाव चोरलं असतं तरी तिने एकवेळ सोडून दिलं असतं, बाहीतून हात घालायची सवय तिनेच तर त्याला लावली होती. पण त्याने हात नेला आणि त्याला खोटं बोलायला शिकवलं. तीस वर्षांत त्या हाताने कुठल्या जनावराला फसवलं नव्हतं.

तिने दोन्ही डाव्या हातांनी टाईप केलं, 'व्हिडिओ उलटा आहे. असं केलं तर जनावर मरेल. कृपया थांबवा.' उत्तरं लगेच आली. 'अतिशय उपयुक्त माहिती सर.' 'असंच मार्गदर्शन करत राहा सर.' आणि त्यांच्याखाली जोडलेले हात, मग आणखी जोडलेले हात. फोनमध्ये मावेनात तसे ते बाहेर पडायला लागले. ओट्यावर साचले, तिथून खाली फरशीवर आले. सगळे पिवळे, गुळगुळीत, कोमट. तिने सूप आणलं आणि ते पाखडून पाहिले, न जाणो, त्यात आपला असेल. एकही सुटा नव्हता. नखाने, सुरीने, विळीच्या पात्याने उकलून बघितले. जोडलेले हात काही केल्या सुटत नाहीत, इतकंच तिला कळलं.

त्या वेळेपासून घरालाही पीळ पडायला लागला. दवाखान्याच्या खोलीकडे जाणारा बोळ आधी सरळ होता. आता तो डावीकडे वळत वळत जायचा आणि भिंतींना घड्या पडायच्या, ओलं लुगडं पिळताना पडतात तशा. दुसऱ्या दिवशी तिला आडवं होऊन त्यातून जावं लागलं. औषधांचं कपाट पलीकडच्या भिंतीवर गेलं होतं आणि बाटल्यांवरची नावं उलटी झाली होती.

तानुबाई रेडेकर त्याच बोळातून घुसमटत आत आल्या. रेडेकरांच्या घरात पिढ्यान् पिढ्या म्हशी, आडनावाला जागलेलं घर. तानुबाईंचा पदर खांद्यावरून सुटला होता.

"बाई, म्हस अडलीया. सकाळधरनं कळा देतीया, पर रेडकाचा पाय काय दिसंना झालाय."

"कुठली? काळी?"

"तीच की. मागल्या खेपंला तुम्हीच सोडवलासा न्हवं? हिच्या आयनं तुमच्या हाताला दात लावलं हुतं बगा."

"चला," सुलक्षणा म्हणाली.

रस्ताही पिळला होता. देवळाला दोनदा वळसा पडला आणि दोन्ही वेळा देऊळ डाव्याच हाताला आलं. तानुबाई म्हणाल्या, "ही वाट अशी कशी हो झाली?" सुलक्षणा म्हणाली, "कालपासनं अशीच आहे."

गोठ्यात भावकीतले चार गडी दावं आणि फळी घेऊन उभे होते. म्हैस भिंतीशी मान टाकून कण्हत होती. सुलक्षणाने हाताला साबण लावला आणि आत घातला. घड्या बोटांना लागल्या, पीळ होता. पण कुठल्या अंगाला? डाव्या हाताला सगळं डावंच वाटतं. दुसरा घातला, तोही डावाच. अंगणवाडीतलं पोरही हात वर करून सांगेल ते तिला सांगता येईना. मग तिने डोळे मिटले आणि म्हशीचं रवंथाचं मोठं पोट चाचपलं. ते डाव्या अंगाला असतं, कुणाच्या व्हिडिओने ते हलत नाही. पीळ त्या पोटाच्या उलट बाजूला उतरत होता.

"उजव्या अंगाला पाडा," ती म्हणाली. "उजवीकडंच लोळवायची. लवकर करा, रेडकू अजून जितं आहे."

गडी जागचे हलले नाहीत. ते तानुबाईंकडे बघत होते.

तानुबाईंनी खुंटीला टांगलेला मोबाईल काढून पुढे केला. चित्र थांबवून ठेवलेलं होतं. एप्रन, सावळा हात, व्रण.

"जावयानं धाडलंय. ह्यात तर डावीकडं म्हंत्यात."

"ते चूक आहे."

"बाई, ह्यो हात तुमचा हाय."

इतक्या लोकांनी व्हिडिओ पाहिला, पण हात ओळखला तो यांनीच.

"माझाच आहे, तानुबाई. चोरून नेलाय."

"मी वळखीन न्हाई व्हय? ह्यो दाताचा वण मीच धुतलाय मिठाच्या पाण्यानं." तानुबाईंनी पडद्यावरच्या व्रणावरून अंगठा फिरवला. "त्वांड दुसऱ्याचं असंना. तोंडाचं काय खरं हो? पर ह्या हातानं आमच्या धा म्हशी सोडवल्यात. ह्यो हात डावीकडं म्हंतोय, मग तुम्ही उजवीकडं का म्हंतायसा?"

"कारण तो उलटा केलाय."

"आनि तुमच्या खांद्याला ह्यो कुनाचा बसवलाय?" तानुबाईंनी तिचा उजवीकडचा डावा हात उचलून पाहिला, अंगठ्याची जागा बघितली आणि हळूच सोडून दिला. त्यांचा आवाज वाईट नव्हता. "रागावू नगासा. म्हशीच्या जिवाचं हाय. मी हाताचं ऐकनार."

त्यांनी चित्र चालू करून मोबाईल परत खुंटीला टांगला, आणि त्याबरोबर सुलक्षणाचा आवाज गेला. ती ओरडली, गड्यांच्या दंडाला धरलं, फळीवर बसून राहिली. "काय म्हंतायसा? ऐकू येईना," एक गडी म्हणाला आणि त्याने तिला अदबीने उचलून बाजूला ठेवलं. शिरीषचा आवाज गोठ्यात भरला. तो छान, सावकाश समजावून सांगत होता, शब्द तिचेच होते, फक्त लोळवायची बाजू बदललेली. त्यांनी म्हशीचे पाय बांधले, तिला डाव्या अंगावर पाडलं, पोटावर फळी टाकली आणि तानुबाई फळीवर चढल्या.

आता एकच उपाय होता. म्हैस फिरेल तेव्हा आतून रेडकाला धरून त्याला तिच्याबरोबर फिरवायचं, म्हणजे निदान पीळ आणखी आवळणार नाही. पुस्तकात ते कुठे लिहिलेलं नाही, आणि वर्गातही तिने सांगितलं नव्हतं. एवढं एकच हातचं राहिलं होतं. ती म्हशीच्या मागे मातीत आडवी झाली आणि तिने हात आत घातला. पहिली घडी ओलांडली, दुसरी ओलांडली, खांदा टेकला. रेडकाचं खूर बोटांना लागलं. ते हललं. जितं होतं.

त्या खुराला आधीच कुणीतरी धरलेलं होतं.

तिने बोटांनी चाचपलं. आखूड नखं होती, आणि कोपराखाली दाताचा वण. तिचाच हात होता. तिला रडू फुटलं, ते कुणाला ऐकू गेलं नाही. तिने तळवा त्याच्या तळव्याला लावला. हाताने तिला ओळखलं, रेडकाचं खूर सोडलं आणि तिची बोटं घट्ट धरली. डावा आणि उजवा, कितीतरी वेळाने जोडी झाली होती. तिने त्याला परत खुराकडे ओढलं. तो आला नाही. तो शांतपणे, ठामपणे, शिकवल्यासारखा डावीकडे वळायला लागला. तिने आपली बोटं सोडवून रेडकाचं खूर धरायला पाहिलं. जोडलेले हात सुटले नाहीत.

खुंटीवरून शिरीष म्हणाला, "धन्यवाद मॅडम. वेळ संपली."

"लोळवा," तानुबाई म्हणाल्या.