नवरीची दृष्ट

चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत मसाल्यांचे अर्क काढणारा एक कारखाना होता. सत्त्याऐंशी साली तिथे मास स्पेक्ट्रोमीटर आला, तोही वाजतगाजत. पदार्थाचे रेणू फोडायचे, तुकडे तोलायचे आणि कागदावर त्यांची शिखरं काढून दाखवायची, हे त्याचं काम. नाक असं तिखट, की वर्सोव्यात कुणी बोंबील वाळत घातले तर हा इकडे शिंकायचा. निदान बाळा मेकॅनिक तसं सांगे. निम्मं सोडून द्या, उरलेलं खरं. कौतुकाने सगळे त्या यंत्राला ‘नवरी’ म्हणत.

नवरी सांभाळायची रत्नप्रभा परब, गिरणी कामगाराची लेक. पण आता तिची ही नवरीच हातची जायची वेळ आली होती. नुसता स्वच्छ द्रावक घातला तरी कागदावर लसूण उमटायचा! एकशेसेहेचाळीसवर उंच शिखर आणि दोन घरं पुढे त्याचा ठेंगणा भाऊ. असा भाऊ मागे लागला की समजावं, गंधक आला.

सोमवारी बडोद्याच्या मुख्य कचेरीतले बडे साहेब येणार होते. यंत्र निर्मळ आहे हे दाखवता आलं नाही, तर नवरीची पाठवणी बडोद्याला आणि रत्नप्रभा परत अर्क गाळायला.

“वाट लागली यार,” बाळा म्हणाला. त्याने पंप खोलला, तेल बदललं, नळ्या भाजून काढल्या. लसूण हटेना. “तूच डब्यात लसणीची चटणी आणतेस ना?”

“आणते मी, पण संपवतोस तू! तुझ्या एका जांभईत अख्खं मालवण जेवेल.”

डॉक्टर मार्तंड प्रयोगशाळेचे प्रमुख. कडक शास्त्रनिष्ठ माणूस. कॅन्टीनच्या दारातलं लिंबू-मिरची त्यांनी स्वतः स्टुलावर चढून उतरवलं होतं.

शुक्रवारी रत्नप्रभा कागदावर पुन्हा वाकली. नव्व्याण्णववर आणखी एक शिखर होतं, तेही गंधकाचंच.

“ही तर मोहरी रे!”

“लसूण आणि मोहरी? फोडणी घातलीय कुणीतरी.”

फोडणी नव्हे. तिला आई आठवली. पोर किरकिरायला लागलं की आई मीठ, मोहरी, मिरच्या, लसूण मुठीत घेऊन त्याच्यावरून ओवाळायची आणि चुलीत टाकायची. पण इथे काडी पेटवायचीसुद्धा बंदी. मग चूल कुठली?

ती तडक नमुन्याच्या बाटल्या सुकवायच्या ओव्हनपाशी गेली. दार उघडलं. बाटल्यांच्या रांगेमागे फडक्याची पुरचुंडी शेकत बसली होती, आणि बाटल्या तिची वाफ पीत होत्या. अर्कांच्या त्या कारखान्यात नाकं केव्हाच बधिर झालेली, वास येणार कुणाला?

“नवरीची दृष्ट कुणी काढली?”

डॉक्टर मार्तंडांचे कान लाल झाले.

“रत्नप्रभाबाई, बडोद्याची माणसं तिला बघायला आली तेव्हा केवढं कौतुक केलं त्यांनी! आणि इथे जाळ करता येत नाही. तो नियम माझाच.”

“पण सर, एकदा काढायची ना!”

“रोज काढतोय हो. ठसकाच येईना! ठसका आला नाही म्हणजे दृष्ट जबर, असं आमची आई म्हणायची.”

बाळा पोट धरून जमिनीवरच बसला. ओव्हनमध्ये नुसत्या शेकलेल्या मिरचीचा ठसका उठणार कुठून? डॉक्टर आधी ओशाळले, मग त्यांनाही हसू आवरेना. त्याच हसण्यात ओव्हन घासला गेला, बाटल्या धुतल्या गेल्या.

सोमवारी साहेबांसमोर रत्नप्रभाने द्रावक घातला. श्वास रोखून कागद पाहिला. लसणाच्या आणि मोहरीच्या जागी सपाट मैदान!

“वा! असं यंत्र देशात नसेल,” साहेब म्हणाले. “राहू द्या ते इथेच, ह्या बाईंच्या हाताखाली.”

डॉक्टरांचा हात हळूच खिशातल्या पुरचुंडीकडे गेला. रत्नप्रभाने डोळे वटारले. साहेबांची गाडी फाटकाबाहेर पडली, तशी ती कुजबुजली, “नुसतं मीठ आणि मिरच्या, सर. त्यांत गंधकाची भीती नाही. आणि फाटकाबाहेर, रखवालदाराच्या शेगडीत.”

ओवाळलं मात्र तिनेच. ठसका असा उठला, की म्हणतात, पार बोरिवलीपर्यंत माणसं खोकली.

“आला, आला!” डॉक्टर मार्तंड डोळे पुसत नाचत होते. “उतरली दृष्ट!”