रस्त्याकडेचा पाया

घर पाहावं बांधून, असं म्हणतात ते काही खोटं नाही. म्हणणाऱ्यांनी एवढंच सांगायचं बाकी ठेवलं, की घर बांधायला काढलं की विटांच्या आधी नवरा-बायकोची परीक्षा होते. आमचा ड्रायव्हर त्या परीक्षेला अभ्यास न करताच बसला.

त्याचं उभं आयुष्य प्रवासी गाडी चालवण्यात गेलं. बायको त्याच डेपोत कंडक्टर, आणि बहुतेक वेळा त्याच्याच गाडीवर. गाडीत हुकूम तिचा. तिने दोरी ओढून एक घंटी दिली की हा थांबायचा, दोन दिल्या की निघायचा. घरी मात्र सगळं उलटं होतं. दोघं पाठोपाठ निवृत्त झाली आणि गावाबाहेर रानात त्यांनी जमिनीचा एक लांबट पट्टा घेतला. एका टोकाला रस्ता, दुसऱ्या टोकाला ओढा आणि ओढ्याकाठी एक डेरेदार झाड.

"घर झाडापाशी बांधू या," बाई म्हणाली. एकदाच म्हणाली.

"तिथवर विटांचा ट्रक कसा जाणार? रुतून बसेल. आणि मागे बघायचं काय? झुडपं?"

कारणं सगळी खरी होती, पण खरं कारण त्यांत नव्हतं. रस्ता नजरेआड झाला की ड्रायव्हरचा जीव कासावीस व्हायचा. निवृत्तीनंतर तो रोज सकाळी उगाचच चौकात जाऊन उभा राहायचा, हे बाईला ठाऊक होतं.

"बरं," ती म्हणाली आणि तो विषय तिथेच संपला.

गवंड्याने रस्त्यालगत चुन्याची फक्की टाकून घर आखलं. नकाशा ड्रायव्हरचाच. दार पुढे डाव्या अंगाला, मधून सरळ बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या आणि प्रत्येक खोलीला ओळीने खिडक्या. गवंडी मागे सरकून बघत राहिला.

"साहेब, घर बांधायचंय की गाडी? मागे संकटकाळी बाहेर पडायचं दार ठेवू का?"

बाई तोंडाला पदर लावून हसली. ड्रायव्हरला यात हसण्यासारखं काय आहे ते कळलं नाही.

पायाचं खोदकाम सुरू झालं. रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांचे ड्रायव्हर सगळे ओळखीचे, त्यातले निम्मे याच्या हाताखाली शिकलेले. आधी ते हॉर्न देऊन जायचे. मग वेग कमी करून, "काय काका, कुठवर आलं?" म्हणू लागले. मग थांबू लागले. आता गाडी थांबली की कुणीतरी उतरणारच! पलीकडच्या वस्तीतला एक जण उतरला. दुसऱ्या दिवशी त्याची बायको आम्ही नव्हे, गवंड्याने सिमेंटच्या गोण्यांसाठी उभारलेल्या पत्र्याच्या शेडखाली गाडीची वाट बघत उभी. आठवड्याभरात तिथे रीतसर थांबा झाला. फक्त पाटी तेवढी लागायची राहिली होती.

ड्रायव्हरला आभाळ ठेंगणं झालं. "बघितलंस?" तो बाईला म्हणाला. "लोक घरापासून थांबा जवळ असावा म्हणून धडपडतात. इथे थांबाच घरी आलाय!"

बाई रोज दुपारी दोघांचा डबा घेऊन यायची. लोक तिलाच विचारायचे. ताई, पुढची गाडी कधी? काकू, ही बाजारात जाते का? तिला सगळं तोंडपाठ. विचार करायच्या आत उत्तर तोंडातून बाहेर पडायचं. एकदा शेडखाली गर्दी झाली तेव्हा ती चढ्या आवाजात म्हणाली, "सरका, सरका, पुढे सरका, जागा आहे!" सगळे खो खो हसले. ड्रायव्हर तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. बाई हसली नाही. डबा न उघडताच ती जाऊन शेडच्या मागे बसली.

अशाच एका दुपारी सिमेंटच्या गोण्यांना टेकून तिचा डोळा लागला होता. एक गाडी करकचून ब्रेक मारून थांबली. बाई झोपेतच उठून उभी राहिली. पाय फाकवून, तोल सावरून. आणि तिचा उजवा हात डोक्यावर गेला, दोरी शोधायला. वर पत्र्याखेरीज काही नव्हतं. तिने जागी होऊन हाताकडे बघितलं आणि तो हळूच खाली घेतला.

ड्रायव्हरने हे बघितलं. तो तिच्या शेजारी येऊन बसला.

"दचकलीस?"

"रोजच दचकते. गावातल्या घरीही मुख्य रस्ताच आहे की. रात्री ब्रेकचा आवाज आला की उठून बसते. वाटतं, कुणाचं तरी उतरायचं राहिलं."

"मग बोलली नाहीस कधी?"

"बोलले होते. झाडापाशी बांधू या म्हणाले होते."

ड्रायव्हरने ओढ्याकाठच्या झाडाकडे बघितलं. "तुला इथे यायचंच नाही का?"

"येईन की. तुम्ही बांधा, मी येईन. कुठे जाणार आहे मी?" ती पदराने मान पुसत म्हणाली. "पण अहो, मग मी निवृत्त कधी व्हायचं?"

ती रागाने म्हणाली असती तर त्याने भांडण तरी काढलं असतं. ती साधं विचारत होती. ड्रायव्हरला स्वतःची लाज वाटली. इतकी वर्षं जी आपल्या पाठीमागे उभी राहिली, ती दमली आहे का, हे आपण एकदाही वळून बघितलं नाही, असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने गवंड्याला पाया बुजवायला सांगितलं. गवंड्याने कपाळावर हात मारला.

"अहो साहेब, सगळा खणून झालाय!"

"गाडी चुकीच्या रस्त्याला लागली तर वळवायची असते बाबा. तशीच पुढे नेली तर नुसतं डिझेल जळतं."

"आणि ट्रक रुतणार होता त्याचं काय?"

"डोक्यावरून नेऊ विटा. मीपण नेईन."

झाडापाशी नवी आखणी झाली. ती बाईने सांगितली तशी, रस्त्याकडे पाठ करून. पण खरं काम पुढेच होतं. गाड्या थांबायच्या बंद होईनात. शेवटी ड्रायव्हर स्वतः रस्त्याच्या कडेला उभा राहिला आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात हलवून पुढे जा म्हणून सांगू लागला. वाट बघणाऱ्यांना त्याने वळणावरच्या जुन्या थांब्याकडे पाठवलं.

"तुमचं काय जातं हो गाडी थांबली तर?" एक म्हातारी तणतणली.

"माझं काही नाही जात," तो म्हणाला. "मला तर आवडतं."

त्याने शिकवलेला एक ड्रायव्हर नवीकोरी गाडी घेऊन आला. मुद्दाम दाखवायला म्हणून त्याने वेग कमी केला. याने हात हलवला, जा. तो खिडकीतून वाकला.

"काका, माझं काही चुकलं का?"

"काही नाही रे. इथे थांबा नाही. आणि हॉर्नपण देऊ नकोस, सगळ्यांना सांग. गाडी छान आहे. जा आता."

आमच्या ड्रायव्हरला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं, पण हात काही त्याने खाली घेतला नाही. हळूहळू सगळ्यांना कळलं. मग एके दिवशी दुपारी गाडी आली ती सरळ भरधाव निघून गेली. कुणी वळूनही बघितलं नाही. ड्रायव्हर धूळ बसेपर्यंत तिथे उभा राहिला, आणि मग डोक्यावर विटांची पाटी घेऊन झाडाकडे चालू लागला.

फक्कीने आखलेल्या खोलीत, रिकाम्या गोणपाटावर बाई झोपली होती. हाताची उशी केलेली, तोंड जरासं उघडं. लांब रस्त्यावर एक गाडी गेली. ड्रायव्हर कान देऊन ऐकत राहिला. बाईने कूससुद्धा बदलली नाही.

एवढ्यात गवंड्याने वीट तोडायला थापी उगारून खाडकन हाणली. ड्रायव्हर पाटी अलगद खाली ठेवून त्याच्याकडे धावला आणि त्याच्यावर ओरडला, पण तेही कुजबुजत.

"आवाज करू नकोस!"

"साहेब, आवाज न करता घर कसं बांधू?"

"मग उद्या बांध," ड्रायव्हर म्हणाला.