शेऱ्याचं पान

"काका, इथं अंगठा द्या." पासपोर्ट कचेरीच्या खिडकीतल्या बाईंनी शाईचा डबा पुढे सरकवला.

पेंटरकाकांनी हात मागे घेतला. "अंगठा नाही. सही करणार."

बाईंनी त्यांच्या जुन्या पासपोर्टाचं शेऱ्यांचं पान उघडून काचेला लावलं. छापलं होतं : धारक सही करण्यास असमर्थ.

दहा वर्षांपूर्वी ते खरंच होतं. ज्या हाताने अर्ध्या गावातल्या दुकानांच्या पाट्या रंगवल्या, तो उजवा हात अर्धांगवायूच्या एका झटक्यात लुळा पडला होता. त्याच वर्षी लेकीच्या बाळंतपणाला परदेशी जायचं म्हणून पासपोर्ट काढला. विमानतळावर जो तो शेरा वाचायचा आणि काकांना सोडून काकूंशीच बोलायला लागायचा. "अहो, मी बहिरा नाहीये," काका म्हणायचे. परत आल्या आल्या त्यांनी पाटी-पेन्सिल आणली आणि डाव्या हाताने गिरवायला बसले. पहिला 'अ' बघून काकूंनी विचारलं, "खेकडा का?" त्या खेकड्यांची अक्षरं व्हायला दोन वर्षं लागली.

"शेरा काढायला वेगळा अर्ज लागतो," बाई म्हणाल्या. "मला सही करता येते, असं लिहून द्या."

"देतो. खाली सही करू?"

बाई अडखळल्या. "नाही, म्हणजे... शेरा आहे तोवर तुमची सही धरता येत नाही. अर्जावर अंगठाच लागेल."

"म्हणजे मला सही येते, हे मी अंगठा लावून सांगायचं?"

रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. शेजारी उभ्या काकू तर रुमालात तोंड खुपसून हसत सुटल्या. शेवटी बाईंनाही आवरेना. त्या उठल्या आणि आतून साहेबांना घेऊन आल्या.

साहेबांनी कोरा कागद ठेवला. "अंगठा राहू दे. माझ्यासमोर तीनदा सही करा. पण तिन्ही सारख्या यायला हव्यात."

पहिली झाली. दुसरीला कागदच सरकला आणि पेन अडलं. कागद धरायला काकूंनी हात पुढे केला, तेव्हा काकांनी मानेनेच नको म्हटलं. डाव्या हाताने उजवा हात उचलून त्यांनी तो कागदावर वजनासारखा ठेवला. मग दुसरी पुरी केली, तिसरीही केली.

साहेबांनी तिन्ही ताडून पाहिल्या. "तिसरी जरा ऐटीत आलीय."

"पाट्या रंगवायचो ना. शेवटच्या अक्षराला शेपूट सोडायची सवय आहे."

"शेपटासकट चालेल," म्हणत साहेबांनी शिक्का मारला.

पंधरा दिवसांनी स्पीड पोस्ट घेऊन पोस्टवाली बाई दारात आली. काकूंनी पाकीट तिथंच फोडून नवा पासपोर्ट उघडला. शेऱ्याचं पान कोरं होतं.

पोस्टवालीने पोचेचा कागद पुढे केला. "काका, इथं नुसती रेघ ओढा. कोण बघतंय?"

"थांबा जरा," म्हणत काका खुर्ची ओढून बसले, चष्मा लावला आणि पूर्ण नाव लिहायला घेतलं.

पोस्टवालीने खांद्यावरची जड पिशवी उतरवून पायरीवर ठेवली.