गॅझेटात नसलेलं गाव

मी झांबियाचा नकाशा बोलतोय. भिंतीवर टांगायचा, कापडावर चिकटवलेला, वर-खाली लाकडी दांडी असलेला. आवाज जरा सरकारी वाटेल, पण त्याला इलाज नाही. १९७६ साली लुसाकाच्या सर्व्हे खात्यात माझा जन्म झाला, आणि सरकारी घरात जन्मलेल्याची ऐट काही केल्या जात नाही.

माझी ओळख मीच करून देतो, कारण इथे अमिरातीतल्या फुजैरात ती कुणी विचारतच नाही. मी आफ्रिकेच्या पोटातला देश. आठ शेजाऱ्यांनी मला चहूबाजूंनी वेढलंय. समुद्र कुठूनच नाही. अंगकाठी विचित्र. वरून शेजाऱ्याने असा चिमटा काढलाय की माझे दोन भाग जेमतेम एकमेकांना धरून आहेत. उंच पठार, खाली झांबेझी नदी, मधून वळणं घेत जाणारी काफुए. आणि जमिनीत तांबं. जगाला विकायचं ते बहुतेक तांबंच, आणि तेही दुसऱ्यांच्या बंदरातून. म्हणून माझ्या अंगावर एक लांबलचक रेल्वे आहे, पार टांझानियाच्या समुद्रापर्यंत जाणारी. मी छापला गेलो तेव्हा ती अगदी नवी होती. छापखान्यातला प्रत्येक जण तिच्यावरून बोट फिरवून बघायचा.

पुढे मला किटवे शहरातल्या एका शाळेत पाठवलं. किटवे म्हणजे खाणींचं शहर. तिथे १९८५ साली विभावरीबाई भूगोल शिकवायला आल्या. मूळच्या पुण्याच्या. त्यांचे यजमान गुणवंतराव खाणीत यंत्रांचे इंजिनिअर होते.

बाईंना एक खोड होती. जुनं झालेलं नाव त्यांना भिंतीवर सहन व्हायचं नाही. माझ्या दक्षिणेला ‘ऱ्होडेशिया’ छापलेलं होतं. तो देश केव्हाच झिंबाब्वे झाला होता. बाईंनी ते अलगद खरवडलं, बारीक निब घेतलं, काळी शाई घेतली आणि माझ्याच छापाच्या अक्षरात नवं नाव लिहिलं. इतकं बेमालूम, की तपासणीला आलेल्या साहेबांनाही कळलं नाही. एखादा नवा रस्ता झाला, एखाद्या धरणाचं पाणी वाढलं, की बाईंचं निब निघालंच. आधी मला राग यायचा. नंतर सवय झाली, आणि खरं सांगायचं तर आवडायलाही लागलं. आपल्याला कुणीतरी आजचं ठेवतंय, ही काय थोडी गोष्ट आहे?

१९८८च्या फेब्रुवारीत बाई महिनाभर वर्गात आल्या नाहीत. मुलं आपापसात बोलत होती, त्यातून मला कळलं. बाईंना मुलगी झाली आणि नवव्या दिवशी गेली. बारसं व्हायचं होतं, म्हणजे नावही नव्हतं. इतक्या लहान बाळाला त्यांच्यात अग्नी देत नाहीत, पुरतात. आणि बायका बरोबर जात नाहीत. गुणवंतराव आणि त्यांच्या हाताखालचा मुलेंगा नावाचा फोरमन, दोघेच गेले. कुठे, असं बाईंनी विचारलं तेव्हा गुणवंतरावांनी एकच शब्द सांगितला होता, “नदीकाठी.”

बाई परत आल्या त्या दिवशी शाळा सुटल्यावर त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या. किटवेजवळ काफुए जिथे वळते तिथे त्यांनी बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलंच नाही.

दोन वर्षांनी इरा झाली. त्यानंतर देशात मोठी उलथापालथ झाली. एकच पक्ष राज्य करायचा ते संपलं, निवडणुका झाल्या, वर्गात माझ्याशेजारी टांगलेला राष्ट्राध्यक्षांचा फोटो उतरला आणि दुसरा लागला. मुलांनी बाकं बडवून जल्लोष केला. पण तांब्याचा भाव पडलेला होता आणि खाणी तोट्यात होत्या. सरकार त्या विकणार, असं शिक्षकांच्या खोलीत रोज बोललं जाई. परदेशी इंजिनिअरांची कंत्राटं संपली ती संपलीच. १९९३ साली गुणवंतरावांना फुजैराच्या एका तेल टर्मिनलवर नोकरी मिळाली. निघताना हेडमास्तरांनी मला गुंडाळून बाईंच्या हातात दिलं. म्हणाले, “हा आता आमच्यापेक्षा तुमचाच जास्त आहे.”

फुजैरातल्या फ्लॅटमध्ये मला खिळ्यावर चढवलं ते शौकतने. तो टर्मिनलचा ड्रायव्हर, दाभोळचा. त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“भाभी, ह्यात समुंदर खंय हाय?”

“नाही. या देशाला समुद्रच नाही.”

“समुंदर नाय?” त्याने खिडकीतून बाहेर पाहिलं. तिथे तेलाच्या जहाजांची रांग लागलेली होती. “मग मानसां जातत कुठून?”

बाई हसल्या. बऱ्याच दिवसांनी हसल्या असाव्यात, कारण नंतर त्यांना काय करावं ते कळेना आणि त्या चहा टाकायला आत गेल्या.

त्या खिडकीसमोर मी दहा वर्षं काढली. समुद्र नसलेला देश आणि समोर दिवसभर समुद्र! घरी येणारी माणसं माझ्याकडे पाहून विचारत, “आफ्रिका? बाप रे, डेंजर असेल ना?” आणि उत्तर न ऐकता सोन्याच्या भावाकडे वळत. कुणीही माझी एक नदी विचारली नाही. शाळेत चाळीस मुलं एका सुरात माझे नऊ प्रांत म्हणायची. ते आठवलं की रडू यायचं. नकाशाला रडता येत नाही, एवढंच.

१९९४च्या फेब्रुवारीतली एक दुपार. गुणवंतराव ड्युटीवर, इरा झोपलेली. बाईंनी निब काढलं. मला वाटलं, कुठे काही बदललं असेल. त्यांनी किटवेजवळ, शहराच्या बाजूच्या काठावर, काफुएच्या वळणाशी एक ठिपका दिला आणि त्याशेजारी अगदी लहान अक्षरांत, एखाद्या खेडेगावाचं नाव लिहावं तसं लिहिलं: रेवा. इंग्रजी अक्षरांत, माझ्याच छापात.

मी हादरलो. सर्व्हे नाही, ठराव नाही, गॅझेटात नोंद नाही! माझ्या अंगावर खोटं गाव? पण बाईंनी शाई वाळेपर्यंत त्यावर फुंकर घातली आणि हळूच म्हणाल्या, “नाव तर ठेवायला हवं होतं ना.” मग मी गप्प बसलो. तेव्हापासून रोज माझ्यावरची धूळ पुसताना त्यांचा हात तिथे थांबायचा. गुणवंतराव मागे सोफ्यावर पेपर वाचत असायचे. ते वाचत आहेत असं मलाही वाटायचं.

झाईरचं पुन्हा काँगो झालं, बाईंनी ते बदललं. सरकारने उरलेल्या मोठ्या खाणीही विकल्या. ते मला बातम्यांवरून कळलं. माझ्यावर लिहिण्यासारखं त्यात काही नव्हतं. इरा अकरा वर्षांची झाली.

तिच्या शाळेत प्रोजेक्ट आलं. समुद्र नसलेला एक देश निवडा. त्याचा भूगोल, अर्थव्यवस्था आणि राज्यकारभार लिहा. आठ वर्षांत पहिल्यांदा कुणी वही घेऊन माझ्यासमोर बसलं. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! तिने माझी उंची लिहिली, नद्या लिहिल्या, तांबं लिहिलं, मका लिहिला. मुख्य गावांचा तक्ता केला. ज्या घरात आईने शाईने लिहिलेलं नेहमीच छापलेल्यापेक्षा खरं निघतं, त्या घरातल्या मुलीने दुसरं काय केलं असतं? तिने एन्डोला लिहिलं, किटवे लिहिलं आणि त्याखाली ‘रेवा, काफुए नदीकाठचं गाव’ असं लिहिलं. मी ओरडून सांगणार होतो. पण मला सांगता येत नाही.

बुधवारी इरा शाळेतून आली ती फाइल आपटतच. गुणवंतराव सकाळची पाळी संपवून चहा पीत बसले होते.

“मम्मा! मॅडम सेज देअर इज नो सच प्लेस! बघ, रेड पेनने काय लिहिलंय. डू नॉट इन्व्हेंट! एव्हरीवन लाफ्ड!”

बाई दारातच थांबल्या.

“दे इकडे,” गुणवंतराव घाईघाईने म्हणाले. “त्यात काय एवढं? खोड ते. चिंगोला लिही तिथे. खलास.”

“बट इट्स ऑन द मॅप, बाबा! मम्माने लिहिलंय. मम्मा नेव्हर गेट्स इट राँग!”

बाई आत वळल्या. स्वयंपाकघरातून नळाचा आवाज आला, बंद झाला. मग त्या बाहेर आल्या, पदराला हात पुसत.

“इरा, ते गाव नाही. ती तुझी बहीण आहे.”

त्यांनी सगळं सांगितलं, मराठीत, न थांबता. इरा मधे एकदाच बोलली, “हाऊ मेनी डेज?” बाई म्हणाल्या, “नऊ.”

गुणवंतराव उठले आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले. इतक्या जवळ ते कधीच आले नव्हते. त्यांचा श्वास माझ्या कागदावर लागत होता.

“विभा,” ते म्हणाले, “ती तिथे नाहीये.”

“म्हणजे?”

“त्या काठावर नाही. फेब्रुवारीचा पाऊस होता, अलीकडे सगळा चिखल झालेला. तिथे खणता येईना. मुलेंगा म्हणाला, पलीकडे त्याच्या आत्याचं शेत आहे, उंचावर. आम्ही पूल ओलांडून गेलो.”

बाईंनी आपल्या ठिपक्याकडे पाहिलं. “आठ वर्षं तुम्ही हे बघताय.”

“रोज बघतोय.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू तिथे हात ठेवायचीस. शांत व्हायचीस. मी काय म्हणू, की चुकीच्या जागी ठेवतेस म्हणून?” ते अजून माझ्याकडेच बघत होते. “आणि मग सगळंच सांगावं लागलं असतं. मी कशी नेली, कशी ठेवली. मला नसतं सांगता आलं, विभा.”

“मला ऐकायचं होतं,” बाई म्हणाल्या. “तेरा वर्षं मला तेच ऐकायचं होतं हो.”

त्या त्यांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. मग बाई म्हणाल्या, “दाखवा.”

गुणवंतरावांनी बोट ठेवलं, तर त्या जाड बोटाखाली अख्खं किटवे झाकलं गेलं. इराने तिच्या प्रोजेक्टच्या चार्टची टाचणी काढून दिली. त्यांनी चष्मा लावला, पूल शोधला, त्याच्या पुढे किंचित उजवीकडे सरकले आणि टाचणी टोचली. माझ्या अंगावरचं ते एकमेव भोक. बाईंच्या ठिपक्यापासून तीन मिलिमीटर. माझ्या मापाने साडेचार किलोमीटर.

मी तांब्याच्या खाणी दाखवतो, सरहद्दी दाखवतो, राज्य कुणाचं कुठवर ते दाखवतो. पण एका आईला तीन मिलिमीटरची चूक मी आठ वर्षं दाखवू शकलो नाही. माहीतच नव्हती मला. माहीत होती ती एका माणसाला, आणि तो माझ्यासमोर पेपर धरून बसत होता.

इराने फाइलमध्ये चिंगोला लिहिलं. तिला वीसपैकी अठरा मिळाले.

गुणवंतरावांनी मुलेंगाच्या जुन्या पोस्ट बॉक्सवर पत्र टाकलं. चार महिन्यांनी उत्तर आलं. आत्या आहे, म्हातारी झाली आहे, या. २००२च्या जुलैत तिघं निघाले. मला वाटलं होतं, मला नेतील. दाराला कुलूप लागलं तेव्हा कळलं की नाही. तीन आठवडे मी त्या बंद घरात होतो. खिडकीचे पडदेसुद्धा ओढलेले.

परत आल्यावर तिथे काय झालं, हे मला कुणी सांगितलं नाही. माणसं नकाशाला काही सांगत नाहीत. इराने मैत्रिणीला फोनवर सांगितलं, तेवढंच मला माहीत आहे. मक्याची कापणी झाली होती, शेत मोकळं होतं. पण एका कोपऱ्यात गवत तसंच उभं होतं. चौदा वर्षं आत्याने त्या कोपऱ्याला कुदळ लावली नव्हती, आणि मुलांनाही लावू दिली नव्हती. तिने बाईंना हाताला धरून तिथे बसवलं आणि विचारलं, मुलीचं नाव काय? “अँड मम्मा सेड इट. लाऊडली. ऑल्मोस्ट शाउटेड.”

त्यानंतर बाईंचा हात माझ्यावर थांबला नाही. धूळ पुसायच्या, पण सरळ, एका फटक्यात. पुढच्या वर्षी घर बदललं आणि नव्या भिंतीवर इराची बक्षिसं लागली. मला गुंडाळून कपाटामागे उभं केलं, इस्त्रीच्या टेबलाशेजारी. माझे प्रांत, माझी रेल्वे, माझ्या नद्या, सगळं आतल्या आत गुंडाळलेलं. फार एकटं वाटतं. खोटं कशाला बोलू?

पण पलीकडच्या खोलीत जेवणाचं टेबल आहे. परवा बाई भाजी वाढताना म्हणाल्या, “रेवा असती तर यंदा कॉलेजला गेली असती.” गुणवंतराव म्हणाले, “आणि माझ्याशी भांडत असती.” इरा म्हणाली, “नो वे, बाबा, शी वुड बी ऑन माय साइड.” आणि तिघंही हसत जेवत राहिली.

आता ते नाव वाचायला माझ्यापर्यंत कुणाला यावं लागत नाही. तुमच्याही घरी कपाटामागे माझ्यासारखा एखादा गुंडाळून ठेवलेला असेल, तर त्याला रद्दीत देण्याआधी एकदा उलगडून बघा. आणि त्यावर कुणाचं नाव सापडलं, तर ते मोठ्याने म्हणा. आम्हाला ते म्हणता येत नाही हो.