डावरी

“ही माझी आई नव्हे,” आत्या म्हणाली आणि तिने फोटो टेबलावर परत सरकवला.

शाळेच्या वर्गात जमलेल्या सगळ्यांच्या माना वळल्या. ऐंशी वर्षांपूर्वी कुणी पाहुणे डोंगरावर आले, इथल्या मूळच्या लोकांचे फोटो काढून घेऊन गेले, ते आज कुठे संग्रहालयाने परत आणले होते. सकाळपासून ज्याला त्याला आपापले आजे-पणजे सापडत होते. आत्यासाठी एकच फोटो होता. टोपलीसाठी बांबूच्या कामट्या सोलणारी बाई, आणि खाली छापलेलं, ‘अनोळखी स्त्री’. आईचा दुसरा फोटो जगात नव्हता.

भाच्याने कानाशी लागून समजावलं, की नाक बघ, हनुवटी बघ, हुबेहूब तूच.

चेहरा आईचाच आहे, तेवढे डोळे शाबूत आहेत माझे, असं आत्याने ठणकावलं. पण हिच्या उजव्या हातात सुरी आहे, आणि आई होती डावरी. आत्याही डावरी. आता आत्याचा डावा हात म्हणजे काय सांगावं! गुरुजींनी त्यावर छड्या ओढल्या, सासरच्यांनी नावं ठेवली, पण हात काही बदलला नाही. त्याच हाताच्या टोपल्यांसाठी लोक आजही वाट वाकडी करून येतात.

वय झालं की असं होतं, मागून कुणीतरी कुजबुजलं.

संग्रहालयाचा छपाईवाला मात्र फोटोवर वाकला होता. बत्तीस वर्षांत आपल्या छपाईत कुणी खोट काढली नाही, असं सकाळीच त्याने छाती फुगवून सांगितलं होतं. तो फोटो घेऊन खिडकीशी गेला आणि त्याने तो पाठची बाजू आपल्याकडे करून उन्हासमोर धरला. कागदातून बाई उमटली. सुरी डाव्या हातात.

“जुने फोटो काचेवर असतात, आजी. काच उलटी लागली की डाव्याचं उजवं होतं. मी उलटी लावली. चूक माझी.”

“म्हणजे माझ्या डावऱ्या आईला उजव्या हाताने राबवलंस होय रे?”

वर्ग खो खो हसला. कान लाल करून तोही हसला. हा परत नेतो, महिन्याभरात नवा छापून आणतो, खाली नावासकट, असं म्हणत त्याने हात पुढे केला.

“नवा आण की,” आत्या म्हणाली. “पण ही आता घरी आलीय. कुठं जायची नाही.”

ती खिडकीशी खुर्ची ओढून बसली. फोटो बघायला तिच्या मागे रांग लागली, कुजबुजणारेही त्यातच. तिने कुणालाच घाई केली नाही. फोटो मात्र कुणाच्या हाती दिला नाही. उन्हासमोर तो तिनेच उलटा धरला होता, डाव्या हाताने.