माझी फीत ताणलेली नव्हती

मित्रांनो, मी एक जुनी कॅसेट आहे, साठ मिनिटांची. तुमच्यातल्या कित्येकांनी माझ्यासारखी वस्तू हातातही घेतली नसेल. माझी गोष्ट ऐकण्याजोगी आहे की नाही, याची मला खात्री नाही. आवाज काढायचा म्हटले की मी अजून घाबरते. तरी एकदा सांगून टाकते.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी कोरी होते. कोऱ्या कॅसेटला भीती नसते, कारण तिच्याजवळ हरवण्यासारखे काही नसते. १९९४ च्या मे महिन्यात नगरच्या सावेडीतल्या मैत्रेयीने मला विकत घेतले आणि माझे भय सुरू झाले.

मैत्रेयी आणि कोल्हारची रश्मी कॉलेजात एका बाकावर बसत. परीक्षा संपली होती आणि मैत्रेयीच्या वडिलांची नागपूरला बदली झाली होती. जाण्याआधी आपली आवडती गाणी रश्मीला द्यायची, असे तिने ठरवले. ती गाणी तिचा भाऊ केदार पुण्याहून आणत असे. परदेशी बँडची गाणी होती ती. त्यांत गिटारींचा असा गजर असे, की गिरणीत उभे राहिल्यासारखे वाटे. त्या गजराच्या तळाशी कुणीतरी झोपेत बोलल्यासारखे हळू गात असे. काही गाणी मात्र इतकी तलम होती, की ती उगवत्या उन्हातल्या धुक्यासारखी वाटत.

"हे ऐक. नाही, थांब, आधी हे ऐक," मैत्रेयी म्हणे. "केदार सांगतो, हे लोक स्टेजवर मानच वर करत नाहीत. बुटांकडे बघत वाजवतात."

"मग मला जमेल की हे," रश्मी म्हणाली. ती फार लाजरी होती.

माझ्या पहिल्या बाजूवर अशी सात गाणी भरली गेली. दुसऱ्या बाजूवर कव्हर होती. कव्हर म्हणजे एकाचे गाणे दुसऱ्याने आपल्या मनासारखे करून गायचे. शेवटी चार मिनिटे उरली.

"आता एक कव्हर तुझं," मैत्रेयी म्हणाली.

"वेडी आहेस का? घरी दादांनीसुद्धा माझं गाणं ऐकलं नाही कधी."

"गच्चीवरची टाकी आज धुवायला रिकामी केलीय. आत बसून गा. तिथे कोण ऐकणार, पाली?"

दोघी शिडीने सिमेंटच्या टाकीत उतरल्या. बरोबर बॅटरीवरचा टेपरेकॉर्डर होता. रश्मीने त्या परदेशी गाण्यांतले एक आपल्या मराठी शब्दांत गायले आणि टाकीने तिच्या आवाजाला घुमारा दिला. त्या गाण्याची सुरुवात मला आठवत नाही. ती का आठवत नाही, तेच मला सांगायचे आहे.

मग मैत्रेयीने पेनाच्या टोकाने माझ्या कडेची प्लास्टिकची दोन इवली झाकणे मोडली. ती मोडली, की रेकॉर्डचे लाल बटण दाबले जात नाही. "आता तुला कुणी पुसू शकणार नाही," ती म्हणाली. मी निर्धास्त झाले. रश्मीने मात्र माझ्या कागदावर काही लिहू दिले नाही. "नाव दिसलं, की घरचे लावून बघतील," ती म्हणाली.

कोल्हारला रश्मी मला आवाज बारीक करून ऐके. बुद्धपौर्णिमेच्या सकाळी ती विहारात पताका लावायला गेली. संध्याकाळी तिथे गायन पार्टी येणार होती आणि तिचे वडील सहादू, म्हणजे तिचे दादा, यांना ती गाणी टेप करायची होती. कोरा कागद पाहून त्यांनी मला उचलले आणि वाजवून पाहिले. गिटारींचा गजर सुरू झाला. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि टेपरेकॉर्डर बिघडला असे समजून मला त्या मशीनसकट स्टँडजवळ टेप दुरुस्त करणाऱ्या कारभारी मेस्त्रीकडे नेले.

कारभारीने स्पिरिटच्या बोळ्याने मशीनचे हेड, म्हणजे फीत जिला घासून जाते ती पट्टी, पुसले. गजर तसाच होता. त्याने पुन्हा पुसले.

"सहादूभाऊ, मशीन बेस हाय. कॅसेटच कामातनं गेली. फीत ताणलीय हिची. बाई गाती का रडती, कळंना."

"मंग टाकून द्यायची?"

"टाकता कशाला? जुनं पुसून नवं भरा. हे बघा, हितली झाकनं तुटल्यात, तिथं चिकटपट्टी लावतो."

मित्रांनो, माझी फीत ताणलेली नव्हती! ते गाणेच तसे होते. पण मला स्वतःहून बोलता येत नाही. माझ्या जखमांवर चिकटपट्टी बसली आणि मला उलटे करून घातले गेले. कॅसेटमध्ये पहिल्या बाजूची सुरुवात आणि दुसऱ्या बाजूचा शेवट पाठीला पाठ लावून असतात. पहिले गाणे तीनचार मिनिटे वाजले होते, म्हणजे आता माझ्या तोंडाशी बरोबर टाकीतले गाणे आले होते. लाल बटण खाली गेले.

पुसले जाताना दुखत नाही. जे होते ते नसते, एवढेच. त्याचीच मला सर्वांत जास्त भीती वाटते.

"हालो, हालो. मी सहादू बोलतोय, कोल्हारवरनं. येतंय का रं?"

"थांबा, लावून दावतो."

फीत मागे गेली. सहादूंचा आवाज आला. 'येतंय का रं?' आणि त्याच्या मागोमाग घुमाऱ्यातून एका मुलीचा आवाज वर आला.

"आता ही कोन?" कारभारीने बटणाकडे हात नेला.

सहादूंनी त्याचा हात धरला. "ऱ्हाऊ दे. आमची रश्मी हाय ती."

गाणे संपेपर्यंत त्यांनी तो हात सोडला नाही. मग सहादूंनी स्वतः नखाने चिकटपट्टी खरवडून काढली.

घरी रश्मीने ऐकले आणि ती भिंतीकडे तोंड करून बसली. "पहिल्या दोन ओळी गेल्या, दादा. त्याच्या आधी मैत्रेयी हसली होती, तेही गेलं."

"चुकलं माझं. मला वाटलं, खराब हाय. पुन्हा म्हनशील का?"

"ती टाकी आता भरली. आणि मैत्रेयी परवाच नागपूरला गेली."

सहादू त्या संध्याकाळी कार्यक्रमाला रिकाम्या हाताने गेले. परत आल्यावर रश्मीपाशी बसले आणि म्हणाले, "उरलंय तेवढं लाव. तुझ्यासमोर ऐकतो." रश्मीने बराच वेळ आपल्या बिनबुटांच्या पावलांकडे पाहिले. मग तिने बटण दाबले. माझ्यातून आधी सहादूंचा तो 'हालो' आला. त्यांनी मान खाली घातली. लेकीचा आवाज आला, तरी ती वर केली नाही.

आज मी एका डब्यात आहे. माझी फीत ठिसूळ झाली आहे आणि कुठे 'खट' झाले, तरी मी दचकते. मित्रांनो, फार काही मागत नाही. एखादी गोष्ट आपल्याला कळली नाही, म्हणून ती बिघडली असे धरू नका. पुसायचेच असेल, तर आधी एकदा शेवटपर्यंत ऐका. शेवटी कोण गात असेल, हे तुम्हाला कुठे ठाऊक आहे?